कारणाचा रकाना

सैनिक कल्याण कार्यालयात मी अर्ज लिहून देतो. माझ्या अर्जांनी दगडांनाही हुंदके फुटलेत. पण काल धोंडीतात्या रबरी चपलांच्या टाचा जुळवून समोर उभे राहिले. रजेवरून उशिरा परतले म्हणून पलटणीनं त्यांना काढलं होतं. मरण्याआधी तो डाग पुसावा, म्हणून हा तिसरा अर्ज. आधीचे दोन अर्ज उशिराचं कारण न दिल्यानं फेटाळले गेले.

“तात्या, तेव्हा तुमची आई वारली होती ना?”

“ती घरची गोष्ट. फौजेत सबब सांगत नाहीत, साहेब.”

शिस्त अशी मुरते की मुरवणाऱ्यांनी हाकललं तरी निघत नाही. मी गुपचूप आईचं लिहिलं. तात्यांनी ते वाचलं, पट्टी मागितली, ओळ सरळ रेघेनं खोडली आणि खाली सही केली.