ओट्याखालची बाटली

गेल्या डिसेंबरात एका रविवारी दुपारी, डोंबिवलीच्या घरात, वडिलांनी ठेवलेली रेड वाईनची बाटली उघडली. ती घरात येऊन अकरा वर्षं झाली होती, वडील जाऊन दोन. इमारत पुनर्विकासाला जाणार होती. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं.

दोन जातींच्या द्राक्षांची ती वाईन वडिलांनी नाशिकहून आणली, तेव्हा आईने ती ओट्याखाली, लोणच्यांच्या बरण्यांशेजारी ठेवली. बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी हवी, असं वडिलांनी वाचलं होतं. ते आडवी ठेवत. आई उभी करी.

"आडवी बरणी गळते."

"अगं, ही बरणी नाही."

"मुरायला ठेवलंय ना? मग बरणीच."

तिने बाटलीच्या तोंडावर फडकंही बांधलं होतं. दर दिवाळीला वडील विचारत, "उघडूया का?" आई म्हणे, "मुरू दे अजून."

ठाण्याहून मामेभाऊ आला होता. वाईन चाखून तिचा दर्जा ठरवणं हे त्याचं काम. आईनेच त्याला बोलावलं होतं. आपल्या थांबण्याने वाईन वाया गेली का, एवढंच तिला विचारायचं होतं.

बूच मध्येच तुटलं. त्याने वाईन चहाच्या गाळणीतून ओतली, ग्लास पांढऱ्या पंच्यासमोर धरला. कडेचा रंग विटकरी झाला होता. त्याने वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि मोरीत थुंकला.

"एवढी वाईट?" आई म्हणाली.

"नाही गं आत्या, अशीच चाखतात."

आमटी चाखावी तसा तिने तळहातावर थेंब घेतला. "आमसूल. जुनं."

"बरोबर. नासलेली नाहीये. पण उतरणीला लागलीय."

"कधी उघडायला हवी होती?"

"तीन-चार वर्षांपूर्वी."

"म्हणजे ते होते तेव्हा."

"हो, आत्या."

आईने बांधलेल्या सामानातून वडिलांचा स्टीलचा पेला काढला. त्यात दोन बोटं वाईन घेऊन ती खिडकीपाशी बसली. त्याआधी तिने कधी वाईन घेतली नव्हती. पेला संपायला वीस मिनिटं लागली. उरलेली मामेभावाने आणि मी संपवली.

संध्याकाळी तिने रिकामी बाटली धुतली, जुन्या पातळात गुंडाळली आणि बरण्यांच्या खोक्यात आडवी ठेवली.