मरेपर्यंत चालणारं कार्ड

कारखान्यात तिला सगळे 'कानवाल्या बाई' म्हणायचे. भट्टीतून निघालेली हात धुवायची बेसिनं तिच्या टेबलावर यायची. ती प्रत्येकावर लाकडी हातोडीचा एक ठोका मारायची आणि मान किंचित तिरकी करून ऐकायची. धड बेसिनचा नाद लांबतो. आत केसाएवढा तडा असला की आवाज बसका येतो. डोळ्यांना न दिसणारा तडा तिला ऐकू यायचा. नवे इंजिनियर आधी हसायचे, मग गिऱ्हाइकाची पहिली तक्रार आली की गुपचूप तिच्याशेजारी येऊन उभे राहायचे. असं एकतीस वर्षं चाललं.

नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मूल झालं नाही. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून धाकट्या दिराला तिनेच वाढवलं. त्याला भट्टीवर कामाला लावलं तेही तिनेच, साहेबांच्या दारात तीन दिवस उभं राहून. दीर बोलघेवडा. दहा वर्षांत तो कामगार संघटनेचा चिटणीस झाला. लग्न होऊन वेगळा राहायला गेला, तरी रविवारचं जेवण वहिनीकडेच.

ती पन्नाशीच्या आत असताना मालकांनी एक प्रस्ताव मांडला. पगारवाढ निम्मी घ्या, त्याबदल्यात निवृत्तीनंतर कामगार आणि त्याचा जोडीदार, दोघांचा औषधोपचार मरेपर्यंत कंपनी करील. लोक कुरकुरले. हातातलं सोडून कोणी पुढच्याच्या मागे लागतं का? तेव्हा बाई जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या खोक्यावर उभी राहिली. भाषण तिला येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आज चार पैसे जास्त मिळाले तर आपण ते खाऊन टाकू. पण म्हातारपणी दवाखान्याच्या दारात कोणापुढे हात पसरायला लागला, तर ते दुःख कशाने भरून निघणार? मी सही करते. तुम्ही तुमचं बघा."

तिने सही केली, म्हणून निम्म्या कारखान्याने केली.

निवृत्त झाली तेव्हा तिला निळं कार्ड मिळालं, दोघांच्या फोटोचं. पहिली तीन वर्षं ती खरंच निर्धास्त होती. तिची थोरली बहीण परदेशात स्थायिक होती. तिथे गुडघा बदलून घेतला तरी कोणी बिल हातात देत नाही. दोघी फोनवर बोलायच्या तेव्हा बहीण बागेतल्या टोमॅटोंबद्दल बोलायची, पुढच्या वर्षी कुठे फिरायला जायचं त्याबद्दल बोलायची. पॅकिंगमधली जुनी मैत्रीण मुलीकडे गेली होती, ती तिसऱ्याच देशात. ती सांगायची, "अगं, इथे छातीत दुखलं तरी माणूस आधी विचार करतो, दवाखान्याची गाडी बोलवून बिल ओढवून घ्यावं की दुखणं गिळून बसावं. माझ्या जावयाला एवढा पगार, पण म्हातारपणाचं नाव काढलं की त्याचं तोंड उतरतं." बाई दोघींचं ऐकायची आणि मनात म्हणायची, आपण ताईसारख्या. आपल्याकडे कार्ड आहे.

एका मंगळवारी सकाळी दुकानात चाक बसवताना नवरा खाली बसला तो उठेना. शेजारच्या टेलरने रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक नळी जवळजवळ बंद आहे, उद्याच उघडायला लागेल. बाई घाबरली, पण डगमगली नाही. काउंटरवर जाऊन तिने कार्ड पुढे केलं.

काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला. परत टाकला.

"हे बंद आहे, काकू."

"बंद कसं असेल? मरेपर्यंतचं आहे ते. नीट बघ बाळा."

"नीटच बघितलं. गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून तुमच्या कंपनीने निवृत्त लोकांची नावं काढलीत. भरणा रोखीने करणार की चेकने?"

मागे रांग होती. कोणीतरी घसा खाकरला. बाई बाजूला झाली. दुपारपर्यंत तिने बँकेतली ठेव मोडली. ती ठेव म्हणजे त्या दोघांचं शेवटपर्यंतचं खाणंपिणं होतं. नळी उघडली. नवरा वाचला.

तो घरी आल्यावर आठ दिवसांनी ती कारखान्यात गेली. गेटवरच्या नव्या पहारेकऱ्याने तिला ओळखलं नाही. साहेब मीटिंगमध्ये होते. ते दिवसभर मीटिंगमध्येच राहिले. शेवटी कार्मिक विभागातल्या कारकुनाला तिची दया आली. त्याने फाईल काढली आणि बोट ठेवलं. "कंपनीने एकटीने नाही केलं, बाई. संघटनेशी करार झालाय. आत असलेल्यांना पगारवाढ, निवृत्तांची योजना रद्द. सूचना महिनाभर फलकावर होती. हरकत घ्यायची तर त्या महिन्यात घ्यायची होती. कोणी घेतली नाही."

"फलक गेटाच्या आत आहे. निवृत्त माणूस आत येतो कुठे?"

कारकुनाने फाईल तिच्याकडे वळवली. खालची सही तिने ओळखली. ते अक्षर तिनेच पाटीवर गिरवून घेतलं होतं.

करार होऊन अडीच महिने झाले होते. म्हणजे त्यानंतरचे दहा-अकरा रविवार तो तिच्या घरी येऊन जेवला होता. आमटी परत मागून घेतली होती. हॉस्पिटलातही आला होता, भावाचा हात हातात घेऊन रडला होता.

ती तशीच त्याच्या घरी गेली. दार त्यानेच उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला सगळं कळलं.

"वहिनी, आधी बसा तरी."

"बसायला नाही आले. सही तुझी आहे का, तेवढं सांग."

"माझी आहे. पण माझ्या जागी कोणीही असतं तरी तेच केलं असतं. पाच वर्षं वाढ अडली होती. तरुण पोरं माझ्या अंगावर येत होती. आणि निवृत्तांना मत नसतं, वहिनी. मी कोणाच्या जोरावर भांडणार होतो?"

"तू भांड, असं नसते म्हणाले मी. पण सांगायचं तरी होतंस. फोन होता ना?"

"कसं सांगणार? तोंड नव्हतं."

"जेवायला होतं," ती म्हणाली आणि जिना उतरली.

त्यानंतर ती घरी बसून राहिली असती तर कोणी बोल लावला नसता. पण तिला त्या खोक्यावरचं आपलं बोलणं झोंबत होतं. ज्यांनी तिच्या भरवशावर सही केली, त्यांच्या घरी ती एकेक करून गेली. काहींना अजून पत्ताच नव्हता. साच्यांवर काम केलेले एक बुजुर्ग म्हणाले, "तुझा काय दोष? गळा तुझाही कापलाय." रंगकामातल्या एका बाईने मात्र दार अर्धंच उघडलं. तिची महिन्याची इंजेक्शनं बंद झाली होती. "तुझं ऐकून सही केली होती मी. आता तुझ्याच दिराने तोंडाला पानं पुसली. ये बरं तू." दार लागलं. बाई पुढच्या घरी गेली.

चव्वेचाळीस जण तयार झाले. वकील भला माणूस होता, फी थोडीच घ्यायचा. पहिल्या भेटीला नवरा हट्टाने तिच्याबरोबर आला. डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं होतं, तरी दुसऱ्या मजल्यावर आला. मध्ये दोनदा थांबला.

वकिलाने विचारलं, "सूचना महिनाभर लागलेली होती. ती निवृत्तांपैकी कोणालाच कळली नव्हती, हा आपला मुख्य मुद्दा. तुम्हाला कधी कळलं?"

"हॉस्पिटलच्या काउंटरवर," बाई म्हणाली.

"आणि तुम्हाला?" वकिलाने नवऱ्याला विचारलं, सहज, लिहिता लिहिता.

नवऱ्याने खोटं बोलायची सवय कधी लावून घेतली नव्हती. तो हातातल्या टोपीकडे बघत राहिला.

"मला आधी माहीत होतं," तो म्हणाला.

वकिलाचं पेन थांबलं.

"सही करायच्या आधी धाकटा दुकानात आला होता. म्हणाला, दादा, असं असं होणार आहे, वहिनींच्या कानावर घालू नकोस, त्या आकाशपाताळ एक करतील, माझं पद जाईल." मग तो बायकोकडे वळला. "मला वाटलं, आपण दोघं धडधाकट आहोत. लागणार कुठे आहे लगेच? घरात भांडण नको म्हटलं."

खिडकीखालून मालाची गाडी मागे घेत होते, तिचा भोंगा वाजत होता. त्या एका महिन्यात तिला कळलं असतं तर तिने चव्वेचाळीसच काय, दोनशे जणांना त्या फलकासमोर उभं केलं असतं. हे तिघांनाही माहीत होतं.

घरी जाताना तिने त्याला जिना उतरायला हात दिला. तो म्हणाला, "बोल ना काहीतरी. शिव्या दे." ती म्हणाली, "पायरी बघा."

खटला पावणेदोन वर्षं चालला. हरकत मुदतीत आली नाही, हाच निकाल लागला. कंपनीने माणुसकीखातर म्हणून एकदाच थोडी रक्कम दिली. लोकांनी ती घेतली, बाईनेही घेतली. रंगकामातली बाई निकालाच्या आधीच गेली. तिच्या मुलीने बाईला निरोप पाठवला नाही.

आता बाई बाजारपेठेत बेसिनं आणि नळ विकणाऱ्या दुकानात अर्धा दिवस माल तपासते. सकाळी नवऱ्याला सरकारी रुग्णालयाच्या रांगेत बसवते, गोळ्या मिळाल्या की घरी सोडते, मग कामावर जाते. परदेशातली बहीण फोनवर म्हणते, "अगं, या वयात कशाला? आता आराम करायचा." बाई म्हणते, "हो ताई, करायचाय," आणि टोमॅटो कसे आलेत ते विचारते. ताईला ते सांगायला आवडतं.

रविवारी दीर येत नाही. नवरा त्याला चौकातल्या हॉटेलात भेटतो, हे तिला ठाऊक आहे. निघताना तो सांगतो, "जरा पाय मोकळे करून येतो." ती त्याच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आहे का ते बघते आणि दार उघडून देते. कुठे जाताय, असं विचारत नाही. पूर्वी ती दिवसभरातलं सगळं त्याला सांगायची, कोण काय म्हणालं, कोणती बेसिनं परत गेली. आता संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून चहा घेतात, आणि ती म्हणते, साखर बरोबर आहे ना?