चिखलावरची सावली

आमच्या ऑफिसात उपग्रहाच्या चित्रांवरून खाडीकाठची कांदळवनं तपासतात. झाडं तोडून बांधलेलं नवं छप्पर दिसलं की मी त्याभोवती लाल रेघ ओढते. ती यादी पुढे जाते आणि काही दिवसांनी तिथे पाडणारे पोचतात.

उन्हाळ्यात मी एका निळ्या छपराभोवती रेघ ओढली होती. काल त्याच जागेचं नवं चित्र आलं. छप्पर नव्हतं. चिखलावर एक लांब सावली होती. वरून माणूस ठिपक्याएवढा दिसतो, पण सकाळच्या उन्हात त्याची सावली पुरी दिसते. ही सावली एका बाईची होती, डोक्यावर बोचकं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या मीनलताईंना दाखवलं.

"अगं, सावलीचं काय करायचंय? पुढचं घे."

"ताई, ती अजून तिथेच उभी आहे."

"चित्र आहे ते, वेडाबाई. ती केव्हाच गेली असेल."

कुठे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. कांदळवन वाचवायला हवं, माझी रेघही बरोबर होती. पण घरात कोण राहतं हा रकाना आमच्या यादीत नाही, आणि तो का नाही, हे मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. आकाश अगदी मोकळं होतं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहूनच मी घड्या घातल्या.