बर्फाच्या खोलीतला अल्बम

भाजीवालीला भेंडीचा भाव विचारतानासुद्धा ताल धरणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असावा आणि तो माझा साडू असावा, हे माझं भाग्य. बुलढाण्याकडून नोकरीसाठी बोईसरला आलेले आमचे साडू रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर. कंपनीच्या बसमध्ये ते मांडीवरच्या डब्यावर बोटांनी ठेका धरत, तेव्हा शिफ्ट संपवून पेंगुळलेला शेजारचा सहकारी हात जोडून म्हणे, "भैया, टिफिन को तो छुट्टी दो!" घरी कुकरची पहिली शिट्टी झाली की दुसरी तालात येते का ते पाहायला हे हात वर करून उभे राहत. मेव्हणी वैतागून गॅस बंद करी आणि पाहुण्यांना अर्धीकच्ची डाळ खावी लागे.

दर रविवारी मासळी आणायला ते जवळच्या मुरबे या कोळ्यांच्या गावी जात. तिथे एकदा त्यांनी "मासे ताजे आहेत ना?" असं विचारलं आणि बोट चालवणारा तांडेल उसळला. "तुमचे कंपनीचा पानी आमचे खाडीत सोडता, आन वर इचारता ताजा हाय का?" साडूंनी यमकात उत्तर दिलं. तांडेलानं यमकातच परतवलं. मासळी संपली तरी भांडण संपेना, म्हणून ते पुढच्या रविवारी पुन्हा गेले. कुणीतरी फोनवर पाठवलेला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दोन गड्यांचा एक जुना रॅप अल्बम त्यांनी तांडेलाला ऐकवला. इंग्रजी दोघांनाही कळेना. "समजलं नाही तरी चालते," साडू म्हणाले. "एक बोलते तवा दुसरा आयकते. आपल्याले हे कधी जमन?" आणि तिथेच मासळीच्या टोपलीशेजारी या दोघांची जोडी जमली.

आता स्टुडिओ कुठून आणायचा? पावसाळ्यात मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून बर्फाचा कारखानाही बंद. त्याच्या जाड भिंतींच्या रिकाम्या खोलीत बाहेरचा आवाज म्हणून येत नाही, हा शोध साडूंचा. तिथे घाम पुसत, दार लावून, त्या दोघांनी अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. त्यात सगळं ऐकू येतं, फक्त बोंबलाचा वास तेवढा येत नाही. तांडेल आपल्या मासळीचं, मावऱ्याचं, गाऱ्हाणं मांडतो, "तुझा पाइप माझे दारात, मावरा गेला दूर." साडू म्हणतात, "पाइप बंद तं चूल बंद, मंग कुठून निंघन धूर?" एवढ्या जिवावरच्या गोष्टीवर दोन माणसं इतक्या प्रेमानं भांडताना मी कधी ऐकली नव्हती. पहिल्यांदा ऐकताना माझा चहा गार झाला.

लोकांना मात्र अल्बम पचला नाही. कारखान्यात म्हणाले, यानं कोळ्यांचं वकीलपत्र घेतलं. मुरब्यात म्हणाले, कंपनीवाला आपल्या पोराला नादी लावतो. खरा निकाल द्यायचा होता तो तांडेलाच्या आईनं. ती गावची धवलारीण. लग्नाची गाणी, म्हणजे धवले, तिनं सुरू केल्याशिवाय मुरब्यात हळद लागत नाही. तांडेलानं सांगूनच टाकलं होतं, "आये नको बोलली तं माझा बंद." साडूंचा चेहरा त्या दिवसापासून उतरला होता. बायकोला ते म्हणाले, "आता कुठं माह्या आवाजाले दुसरा आवाज भेटला होता."

तांडेलाच्या पुतणीच्या हळदीला मीही गेलो होतो. कुणीतरी स्पीकरवर अल्बम लावला आणि नाचणारा मांडव जागच्या जागी थबकला. हळदीत कुणी नाचू नये, यापरता अपमान नाही. "बंद करा ते!" मागून कुणी ओरडलं. साडू हळदीचं ताट हातात धरून खांबासारखे उभे.

"बंद नको करू," तांडेलाची म्हातारी आई म्हणाली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पदर खोचत म्हणाली, "अरे, हे तं इहिणींचे भांडण हाय! आमचे मांडवान दोनी बाजू गान्यात भांडतान, आन मंग एके पंगतीला जेवतान." साडूंकडे वळून तिनं विचारलं, "तुमी कोनाकडले?"

"मी... कारखान्याकडचा," साडू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा बेतालात.

मांडव हसला. आणि म्हातारीनं त्याच ठेक्यावर धवला उचलला. काय तो आवाज! मागून सगळ्या बायका, समोर एकटे साडू. ते एक ओळ टाकत, ती दोन परतवी. माझ्या अंगावर काटा आला. डब्यावर बोटं आपटणाऱ्या या माणसाकडे मी आ वासून बघत राहिलो. त्या दिवशी साडूंना पंगतीत वरपक्षाच्या मानानं बसवलं.

पुढे कारखान्यातलं त्यांचं युनिट बंद झालं. साडूंची बदली गुजरातेत झाली आणि दुसरा अल्बम राहून गेला. परवा मुरब्याला पुन्हा एका हळदीला गेलो. ते भांडणाचं गाणं आता तिथे ठरलेलंच आहे. तांडेलानं आपली ओळ म्हटली आणि तो थांबला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात बायकांतून म्हातारीचा थकलेला, तरी खणखणीत आवाज आला, थेट बुलढाण्याच्या बोलीत: "मंग कुठून निंघन धूर?"

नंतर मी चेष्टेनं विचारलं, "आई, तुम्ही कंपनीची बाजू घेतलीत?"

"त्याची बाजू कोन मांडंल मंग?" ती म्हणाली. "जागा राखली नाय तं तो परत येल तवा बसंल कुठं?"

मी हे साडूंना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पुढची हळद कवा हाय?" ठेकासुद्धा धरला नाही.