भिंतीवरची अर्धी चकली

बुटाची लाथ बसली आणि कढई उलटली. उकळतं तेल आईच्या दोन्ही पायांवर. ती किंचाळली नाही. आधी तिने चकल्यांचं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग खाली कोसळली.

मी तिच्या पायांवर माठ उपडा केला.

लाथ मारणारा भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या इस्टेट ऑफिसचा सुपरवायझर. बरखेड्यातल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात, दिवसाढवळ्या. "क्वार्टर रहने के लिए मिला है, धंधा करने के लिए नहीं." एका गार्डने लाठीने भाजणीचे डबे फोडले. दुसऱ्याने सोऱ्या फरशीवर आपटला. पितळेचा होता, फुटला नाही. म्हणून पुन्हा आपटला.

बाबा कारखान्यात हेल्पर. आई चकल्या करून विकायची, त्यावर माझं कॉलेज चालायचं. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली.

नियम होता. नाही म्हणत नाही. पण मॅडमच्या बंगल्यात दर दिवाळीला साड्यांचा सेल लागायचा, फाटकाबाहेर स्कूटरींची रांग. हाच सुपरवायझर तिथे चहा पिऊन जायचा.

मॅडम म्हणजे मोठ्या साहेबांची बायको. पुण्याहून बदलीवर आलेली. दोन दिवाळ्या तिच्या घरी आमच्याच चकल्या. न्यायला मोलकरीण यायची. त्या वर्षी मॅडम स्वतः आली. कुंपणाच्या भिंतीपलीकडे उभी राहून एक चकली मोडली.

"काय खुसखुशीत हो! अगदी माझ्या सासूबाईंच्या हातची."

आई हरखली. भोपाळात हिंदीवाल्यांना आमच्या आडनावातून काही कळत नसे. त्यांच्या लेखी आम्ही नुसते 'मराठी लोग'. त्या आडोशाला आई इतकी वर्षं निवांत होती. आपली भाषा कानावर आली आणि आई सावध राहायचं विसरली.

"आडनाव काय हो तुमचं?"

आईने सांगितलं. न विचारता गावही सांगितलं.

मॅडमने हातातली अर्धी चकली भिंतीवर ठेवली. रुमालाने बोटं पुसली. एकेक बोट.

"बरं. कळवते."

कळवलं. इस्टेट ऑफिसला.

आणि आता गल्लीच्या तोंडाशी तिची गाडी उभी. काच खाली. झालं का ते बघायला आलेली.

बाबा शिफ्ट सोडून धावत आले. सुपरवायझर त्यांना म्हणाला, "जा, मैडम के पैर पकड़ ले. नहीं तो क्वार्टर भी जाएगा."

बाबा गेले. मॅडमने गाडीचं दार उघडलं. बाबा वाकले.

मी मागून बापाची कॉलर धरली आणि ओढलं. बटणं तुटली. "उठा! आई तिकडं भाजून पडलीय आणि तुम्ही हिच्या पायाशी?"

"अहो, मुलीला आवरा," मॅडम म्हणाली. "शिकतेय ना ही?"

माझ्या हातात सोऱ्या होता. कधी उचलला, आठवत नाही. बॉनेटवर हाणला. सगळी ताकद लावून हाणला. पत्र्याला खड्डा पडेपर्यंत.

"दोन वर्षं गिळलंत तेव्हा आडनाव विचारलं नाहीत. आता ओका! ओकून दाखवा!"

गार्डची लाठी माझ्या पाठीत बसली. मी खाली पडले, पण सोऱ्या सोडला नाही.

क्वार्टर गेलं. टाउनशिपबाहेर सोनागिरीत एका खोलीत राहिलो. आईच्या पायांची कातडी पुन्हा कधी नीट आली नाही. त्याच खोलीत तिने लंगडत चकल्या तळल्या आणि मी बी.ए. झाले.

आता भोपाळातच कोलार रोडला माझं घर आहे. पुढच्या खोलीत फराळाचा धंदा. परवा कॉलनीच्या समितीचे लोक आले. "मैडम, ये रेसिडेंशियल एरिया है."

मी म्हटलं, "सामनेवाला क्लिनिक, पीछेवाला पार्लर, और अध्यक्ष जी की कोचिंग. पहले वो तीनों बंद कराओ. चौथा ताला मैं खुद लगाऊँगी."

एक जण हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला. निघताना ते पाटी वाचत होते. पाटीवर फराळ बारीक अक्षरात आहे. आडनाव मोठ्या. रस्त्यावरून दिसेल एवढं मोठं.

ज्याला खायचंय त्याने आधी ते वाचावं, मग हात पुढे करावा. ते पुन्हा येतील, ठाऊक आहे मला. येऊ देत. वाकायला या घरात कुणी नाही. आणि दाराशीच तो सोऱ्या ठेवलाय, पोचा पडलेला.