डोंगरातला तांबडा पट्टा

नव्वदच्या दशकात मी जुन्नरच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. पृथ्वीविज्ञानाची तोंडओळख करून देणारा एक नवा विषय मी तिथं हट्टानं सुरू केला. प्राचार्य म्हणाले, "वर्षभर चालवा. बाहेरचे साहेब येऊन तपासतील. त्यांना पटलं तर ठेवू, नाहीतर बंद." झालं, माझा जीव टांगणीला!

सहामाहीला मी ज्वालामुखी काढायला सांगितला. सगळ्यांनी पुस्तकातला काढला, टोकदार, वर धूर. अन् खिडकीबाहेर आपले सपाट माथ्याचे डोंगर उभे, लाव्ह्याच्या थरावर थर साचून झालेले! माझं डोकंच सणकलं. "अरे, नुसती मान वळवायची होती, तेवढंही होईना?" मुलं खाली बघून हसत राहिली.

मग पुस्तक कपाटात टाकलं आणि सगळ्यांना एसटीनं घाटघरला नेलं. धुकं असं की पुढचा माणूस आवाजावरूनच ओळखायचा. ते हळूहळू विरलं, तसा कातळ पायरीपायरीनं दिसू लागला. दोन काळ्या थरांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा होता. खालचा लाव्हा निवला, त्याची माती झाली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली, असं मी सांगितलं.

"मधी किती वर्सं गेली, म्याडम?"

"कुणी बघितलंय? हजारो असतील."

एवढी वर्षं तिथं नुसतं ऊन, वारा, पाऊस. तिथल्याच गावची एक मुलगी पट्ट्याला गाल लावून, डोळे मिटून उभी राहिली. जन्म त्याच वाटेवर गेलेला तिचा. "अजून गरम लागतंय," म्हणाली. आत्ताच ऊन पडलंय म्हणून, हे सांगणं माझ्या जिवावर आलं.

वर्षअखेरीस साहेब आले, वर्गात खुर्चीवर ऐसपैस बसले. नेमकं तिलाच उठवलं, ज्वालामुखी काढायला. तिनं एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि फळ्यावर सपाट डोंगर काढला. मधोमध लाल खडूची रेघ.

"हा तर डोंगर आहे. ह्याला तोंड कुठंय? धूर कुठंय?"

गेला माझा विषय!

"धूर कवाच गेला, सर. भुईला भेगा पडून लाव्हा आला व्हता, त्याला टोक न्हाई. तुमी बसलाय ना, तुमच्या खुर्चीखाली बी त्योच हाय."

साहेबांनी नकळत बूट उचलले. वर्गात हशा पिकला. ते मात्र हसले नाहीत. खिडकीशी जाऊन बराच वेळ डोंगर बघत राहिले.

"विषय राहील तुमचा," पाठमोरेच म्हणाले. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग त्यांनी मुलीला विचारलं, "तो तांबडा पट्टा... हात लावून बघता येईल?"

"चला की, सर. पण ऊन हाय तवर चला. मंग गार पडतंय त्ये."

म्हणजे तिला ठाऊक होतं.