आठातल्या सहा पट्ट्या

माझे सासरे चौतीस वर्षं पाण्याच्या टाकीवर होते. म्हणजे वर नव्हे, खाली पंपघरात. पण सगळा भाग त्यांना 'टाकीवाले' म्हणायचा आणि निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अजून म्हणतो. त्यांना ते आवडतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की टाकी कधी काठोकाठ भरायची नाही आणि कधी तळाला जाऊ द्यायची नाही. मी म्हटलं, "बरं बाबा." नव्या सुनेने आणखी काय म्हणायचं?

"काठोकाठ भरली तर मागून येणारं पाणी जाईल कुठे? आणि आटली तर सकाळी लोकांना काय तोंड दाखवायचं?" हे ते अशा काही काळजीने विचारत, की टाकीचा कारभार उद्यापासून माझ्याच गळ्यात पडणार आहे असं वाटावं. टाकीवरच्या पट्टीला दहा खुणा होत्या. चार ते आठच्या मधे त्यांनी चौतीस वर्षं पाणी खेळतं ठेवलं. पहाटे चारला उठून ते जायचे, आणि परत आल्यावर घरात पहिलं वाक्य बोलायचे ते त्या खुणांबद्दल.

म्हणून माझ्या नवऱ्याने एक वापरलेली हायब्रीड गाडी घरी आणली, तेव्हा ती घरात फक्त बाबांनाच कळली. पेट्रोलचं इंजिन पुढे, मागच्या सीटपाशी मोठी बॅटरी, आणि दोघांनी आळीपाळीने गाडी ओढायची. पडद्यावर बॅटरीच्या आठ पट्ट्या. नवऱ्याचं दुखणं एकच, की आठच्या आठ पट्ट्या कधी भरत नाहीत, सहावर येऊन अडतात. आपल्याला फसवलं अशी त्याची खात्री झाली होती. सगळ्या पट्ट्या भरण्यासाठी एका रविवारी तो गावभर उगाचच फिरून आला आणि पाच घेऊन परतला.

बाबा पोट धरून हसले. "अरे, ती मुद्दामच भरत नाही. पुढे उतार लागणार आहे ना! उतारावर ब्रेक दाबलास की चाकांची वीज परत येते. तिला जागा नको ठेवायला? आणि सिग्नलला उभा राहून राहून दोनच पट्ट्या उरल्या, की इंजिन आपणहून सुरू होतं, ते का? तळ दिसू द्यायचा नाही म्हणून. शहाणी आहे गाडी." एवढं कौतुक त्यांनी माझ्या नवऱ्याचं कधी केलेलं मी ऐकलेलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी सासूबाई, म्हणजे आमच्या आई, बाथरूममध्ये पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण पाय पुन्हा चालता व्हायचा तर आठवड्यातून तीनदा शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायामासाठी न्यायला हवं होतं. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती. टॅक्सीला त्या साफ नाही म्हणाल्या. "परक्या माणसासमोर माझा पाय कोणी उचलून ठेवायचा नाही." माझी नोकरी दुपारची, त्यामुळे मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी गाडी मी चालवायची असं ठरलं. व्यायाम घेणारी मुलगी चांगली होती, पण बोलायला फटकळ. "आता खंड पाडलात, तर काठी जन्माची," तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आमची स्वारी निघायची ती अशी: आई मागे एका बाजूला, त्यांचा वॉकर डिकीत, बाबा पुढे माझ्या शेजारी, मांडीवर शाळेची वही. त्या वहीत ते वेळ आणि पट्ट्या लिहीत. पुलाचा चढ, पाच. उतार, सात. पहिल्या दिवशी आई म्हणाल्या, "इथे कमरेशी काहीतरी घूं घूं करतंय हो." बाबांनी मागे जाऊन पाहिलं. सीटच्या कडेला प्लास्टिकची एक जाळी होती. तिथून वारा लागत असणार असं त्यांनी परस्पर ठरवलं. तेव्हापासून आई बसल्या की ते मागचं दार उघडून त्यांची शाल घडी करून कमरेशी खोचत, दोनदा दाबून बघत आणि मग पुढे येऊन बसत. घरी आल्यावर तीच शाल काढून आईंच्या खांद्यावर. मला मनातून हसू यायचं. टाकी सोडून दुसऱ्या कशाला हा माणूस इतका जपताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या महिन्यात गाडी बिघडायला लागली. पुलावर चढताना सहाच्या एकदम तीन पट्ट्या. उतरताना डोळे मिटून उघडेपर्यंत आठ. मागे पंख्याचा घरघराट, इंजिन काही केल्या थांबेना, आणि एक दिवस समोर पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने काही न उघडताच सांगितलं, "बॅटरी गेली." नवऱ्याने दोन दिवसांत गिऱ्हाईकही शोधलं. रविवारी माणूस गाडी बघायला येणार होता. मग आईंच्या पायाचं काय, हे मी विचारलं तर म्हणाला, "बघू काहीतरी." त्याचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे.

बुधवारी जेवताना बाबांनी वही आणली. तीन आठवड्यांचा हिशेब त्यांनी लाल पेनाने खुणा करून लावला होता. "हे बघ, बिघाड फक्त मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. एरवी तू ऑफिसला नेतोस तेव्हा, तूच सांगतोस, गाडी एकदम ठणठणीत."

"म्हणजे आई बसली की बिघडते," नवरा म्हणाला आणि हसला.

आई हसल्या नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला. "मग मी नाही बसत," एवढंच बोलल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या. मी बापलेकांवर एकदमच ओरडले. एकाला बोलण्याचा पाचपोच नाही आणि दुसऱ्याला वहीपलीकडे माणूस दिसत नाही, असं काहीसं म्हटलं. ताटं तशीच राहिली. गुरुवारी सकाळी आई तयार झाल्या नाहीत. पलंगावर बसून पाय थोडा थोडा हलवत होत्या, मी खोलीत गेले की थांबत होत्या.

शनिवारी मी बाबांना म्हटलं, "चला, आपण दोघंच जाऊन बघू. तुम्ही आईंच्या जागेवर बसा."

ते लगेच कामाला लागले. तपासणी म्हणजे सगळं जसंच्या तसं हवं. तीच वेळ, तोच रस्ता, डिकीत वॉकर, आणि खुंटीवरची शालसुद्धा. मागे बसून त्यांनी ती नेहमीसारखी खोचली, दोनदा दाबली. पुलाच्या पायथ्याशी पट्ट्या सहा होत्या. अर्ध्या चढावर तीन. मागे पंखा घरघरायला लागला.

"थांब, नीट ऐकू दे," म्हणत त्यांनी शाल उपसली. मला आरशात दिसत होतं. त्यांनी वहीचं एक पान फाडलं आणि जाळीपाशी धरलं. पान फटकन जाऊन जाळीला चिकटलं. त्यांनी ते सोडवलं, पुन्हा धरलं, पुन्हा चिकटलं.

"गाडी बाजूला घे गं," ते म्हणाले.

पूल उतरून मी गाडी थांबवली. बाबा म्हणाले, "वारा इथून येत नव्हता. आत जात होता. बॅटरी इथून श्वास घेते. तापली की गाडी घाबरते, ना धड भरू देते ना वापरू देते." शालीची घडी त्यांच्या हातात तशीच होती. "एका रखवालदाराने टाकीच्या हवेच्या नळीला फडकं बांधलं होतं, कबुतरं जातात म्हणून. मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. आणि मी काय केलं?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मला त्यांची फार माया आली, पण तेव्हा बोलले ते एवढंच, "चला, परत जाताना बघू."

गाडी थंड झाल्यावर त्याच पुलावरून परत आलो. शाल बाबांच्या मांडीवर. सहा, पाच, उतारावर सात. दुपारी गॅरेजवाल्याने बॅटरीचा पंखा उघडला आणि त्यातून शालीच्या लोकरीचा मूठभर गुंता निघाला. या वेळी त्याने बॅटरीही तपासली. "तापून तापून थोडी दमलीय. पण गेलेली नाही," तो म्हणाला. नवऱ्याने माझ्यासमोर गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून सांगितलं. मी समोरून हललेच नव्हते.

संध्याकाळी बाबा आईंच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. मी चहा घेऊन दारात होते. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "तुझ्यामुळे नाही बिघडली. माझ्यामुळे बिघडली. तुला वारा लागू नये म्हणून मी शाल खोचत होतो, तिथेच नेमकी तिची हवेची वाट होती."

आई म्हणाल्या, "पण मला वारा लागतच नव्हता."

"मग बोलली का नाहीस? दोन महिने खोचतोय मी!"

"कशाला बोलू?" आई म्हणाल्या. "चौतीस वर्षं पहाटे चारला उठून गेलात. माझं पांघरूण सरकलंय का, हे एकदा वळून बघितलं नाहीत. आता बघताय, तर मी नको म्हणू?"

बाबा आपले शालीची घडी मोडत आणि घालत बसले. चहा माझ्या हातातच गार झाला आणि मी तो तसाच परत घेऊन गेले.

मंगळवारी आई सगळ्यांच्या आधी तयार होत्या. मी गाडी सुरू केली तर शेजारची सीट रिकामी, आणि तिच्यावर वही ठेवलेली. बाबा मागे आईंच्या बाजूला बसले होते. शाल त्यांनी आईंच्या गुडघ्यांवर पसरली, आणि ती जाळीकडे सरकू नये म्हणून तिच्या कडेवर स्वतःचा हात ठेवला. पुलावर चढताना मागे वळून न बघता मी वाट पाहत होते की आता विचारतील, मग विचारतील.

विचारलं ते आईंनी. "किती आहेत गं?"

"सहा," मी म्हटलं.

"ऐकलंत का, सहा आहेत," त्यांनी बाबांना सांगितलं.

"असू देत," बाबा म्हणाले. "तुझा पाय नीट आहे ना?"